किडा ओळखायचा तर तो उलटा करा

उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखत रानात टाकायला घेतलं की जाडजूड, पांढऱ्या, विळ्यासारख्या वळलेल्या अळ्या निघतात आणि लगेच "हुमणी निघाली" म्हणून, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी आली म्हणून, बोंब होते. मग खतात औषध कालवायची घाई. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीर असो, कागल असो, शिरोळ असो, चित्र तेच. औषधाच्या आधी एक काम करा. त्यातल्या पाच-सहा अळ्या पत्र्यावर किंवा फरशीवर मोकळ्या सोडा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा.

जी अळी उताणी होते आणि पाय वर ठेवून पाठीवरच सरपटत निघते, ती फुलभुंगेऱ्याची. तिचे पाय आखूड, डोकं अंगाच्या मानानं लहान, आणि पाठीच्या आडव्या वळ्यांवर ताठ आखूड केस. त्या केसांच्या जोरावर ती पुढं सरकते. कुजलेलं शेण आणि पालापाचोळा हा तिचा खुराक, म्हणजे खत कुजवायला तिची मदतच होते. दुसरी अंगठ्याएवढी जाड, पूर्ण वाढल्यावर तीन इंचांपर्यंत जाणारी. ती गेंडा भुंग्याची. हा भुंगा मोठेपणी नारळाचा शेंडा पोखरतो, तेव्हा जवळपास नारळ असतील तर तिला वेचून काढावं. उसाच्या मुळांशी मात्र तिचं काही देणंघेणं नाही. हुमणी या दोघींपेक्षा वेगळी वागते. ती कुशीवर वळून पडते, आणि माती मिळाली की पायांनी उकरून आत शिरायला बघते. डोकं रुंद आणि तांबूस-पिवळं, पाय लांब आणि केसाळ.

एवढ्यानं खात्री होत नसेल तर अळी चिमट्यात हलकेच धरून उलटी करा आणि शेपटीकडचं टोक दहापटीच्या भिंगाखाली घ्या. गुदद्वाराची चीर बेचक्यासारखी फाटे फुटलेली दिसली तर अळी हुमणीच्या उपकुलातली, म्हणजे मेलोलोन्थिनीतली. चीर नुसती आडवी असेल तर ती गेंडा भुंगा किंवा फुलभुंगेरा यांच्यापैकी. चिरेच्या पुढं बारीक काट्यांची एक नक्षी असते, तिला रास्टर म्हणतात. आपल्याकडं उसात होलोट्रिकिया सेराटा आणि नदीकाठच्या रानांत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा अशा दोन जातींची हुमणी मुख्यतः सापडते. अळीच्या अवस्थेत त्यांच्यातला फरक करायला ही नक्षीच कामी येते. पाठीकडून बघितल्या तर सगळ्या अळ्या पांढऱ्या आणि सगळ्या जाड.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्याला किडा पाठीकडून बघायची सवय आहे आणि मोबाईलचा फोटोही पाठीचाच निघतो. ओळख पटवणाऱ्या बहुतेक खुणा मात्र पोटाकडं, तोंडापाशी, पायांच्या टोकाला आणि पंखांच्या घडीत असतात. रंग ही सगळ्यात फसवी खूण. ती शेवटी बघायची.

आधी पाय, मग पंख, मग तोंड

पाय सहा नसतील तर पुढं जायचंच नाही. कोळी, गोचीड, विंचू आठ पायांचे. गोम आणि पैसाकिडा यांना तर पायच पाय. अळ्यांच्या बाबतीत हा नियम थोडा सांभाळून वापरावा लागतो, त्यावर पुढं येतो.

पाय मोजले की पंख. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८ साली कीटकांचे सात गण, म्हणजे मोठे गट, पाडले, ते मुख्यतः पंखांवरूनच. आज गणांची संख्या त्याच्या चौपटीच्या आसपास गेली आहे, पण रानात उभं राहून किडा गणापर्यंत नेण्यासाठी पंखांइतकी सोयीची दुसरी खूण नाही. दोनच पंख दिसले आणि मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गोळ्या असल्या तर माश्या-डासांचा गण, डिप्टेरा. पुढचे पंख टणक होऊन पाठीच्या मधोमध सरळ रेषेत भिडले तर भुंगेरे, कोलिओप्टेरा. पुढचे पंख अर्धे चामड्यासारखे, अर्धे पातळ आणि एकमेकांवर फुलीसारखे पडलेले असतील तर ढेकण्यांचा गण, हेमिप्टेरा. पंखांवर बोट लावल्यावर भुकटी येते ती खवल्यांची, म्हणजे फुलपाखरं आणि पतंग.

मधमाशीपाशी लोक फसतात. तिला चार पंख आहेत, पण मागच्या पंखाच्या कडेला बारीक आकड्यांची ओळ असते आणि त्या आकड्यांनी मागचा पंख पुढच्याला अडकलेला असतो, म्हणून बसलेली मधमाशी दोन पंखांची वाटते. उलट सिरफिड माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, फुलांवर हुबेहूब मधमाशीसारखी घिरट्या घालणारी, पण पक्की दोन पंखांची. पंख मोजता येत नसतील तर मिशा बघा. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरातून वाकवलेल्या हातासारख्या. सिरफिडच्या इतक्या आखूड की फोटोत सापडतच नाहीत. सिरफिडची अळी मावा खाते, त्यामुळं हा फरक कळला तर फवारणीचा एखादा पंप वाचतो.

तोंड बघायला किडा उलटा करावाच लागतो. भुंगेऱ्याला आडवे हलणारे जबडे असतात, ढेकण्याला सोंड. ढाल ढेकूण नावाचे चकचकीत हिरवे-निळे किडे असतात. त्यांच्या पाठीवरची ढाल वाढून पूर्ण पोट झाकते, मधली रेषच दिसत नाही, आणि दहातले नऊ जण त्याला भुंगेरा म्हणतात. उलटा केला की छातीला चिकटलेली सोंड दिसते, वाद मिटतो. त्याच सोंडेवरून आणखी एक गोष्ट कळते. सोंड बारीक, लांब आणि पोटाला समांतर सरळ पडलेली असेल तर किडा झाडाचा रस शोषणारा. आखूड, जाड आणि हुकासारखी वाकलेली असेल तर शिकारी. शिकारी ढेकण्या बोटात धरताना जपा. त्याचा दंश गांधीलमाशीइतका झोंबतो.

उसाच्या फडातले सोंगाडे

२००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा उफाळला, तेव्हापासून उसाच्या पानाखाली पांढरं काही दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. पण पांढरं दिसणारं सगळं एक नाही. लोकरी मावा पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या कडेनं दाटीनं बसतो, आणि त्याचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते. पाचटाखाली, कांडीच्या गाठीपाशी गुलाबी अंगावर पांढरं पीठ असलं तर तो पिठ्या ढेकूण. आणि पांढऱ्या मेणाचे धागे अंगावर घेऊन जी अळी तुरुतुरु पळते, ती ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या, एका गटाची. ती तर मावा आणि पिठ्या खाणारी. काडीनं हलवून बघा: मावा जागचा जेमतेम हलतो, ढालकिड्याची अळी पळ काढते. माव्याच्या वसाहतीत जाळी करून राहणारी अळी दिसली तर ती डिफा, आणि दोन्ही टोकांना निमुळती, विळ्यासारख्या जबड्यांची दिसली तर मायक्रोमस. दोन्ही माव्यावरच जगतात. त्या असताना फवारा मारणं म्हणजे आपल्याच गड्याला घरी पाठवणं.

ढालकिड्यांमध्येही एक घरभेदी आहे. वांग्याच्या पानावर शिरांच्या मधला हिरवा भाग खरवडून जाळी करणारा हेनोसेपिलॅक्ना. आकार तोच, ठिपके तसेच, बहुधा अठ्ठावीस. फरक चमकीत आहे. मावा खाणारे ढालकिडे पॉलिश केल्यासारखे चकाकतात. याच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मळकट, मखमली दिसतो. तिरप्या उजेडात धरला की लव लगेच दिसते, डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही. अळीही वेगळी: पिवळसर, अंगभर फांद्या फुटलेले काटे.

खोडातल्या अळ्यांना लोक सरसकट खोडकिडा म्हणतात. लावणीनंतर पहिल्या काही महिन्यांत कोंबाचा पोंगा वाळून सहज उपसून येत असेल आणि त्याला घाण वास असेल तर लवकर येणारा खोडकिडा. अळीच्या पाठीवर जांभळट पाच उभे पट्टे. कांडी किडीच्या अळीवर चार. शेंडे किडीची अळी बिनपट्ट्याची, मळकट पांढरी, आणि पोंग्याच्या पानांवर एका ओळीत छिद्रं. पट्टे मोजायचे तर अळी ताजी असतानाच. दारूत, म्हणजे अल्कोहोलमध्ये टाकल्यावर पट्टे फिके होतात आणि मग चार की पाच यावर नुसती हुज्जत.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती २०१८ साली, शेजारच्या कर्नाटकात. तिच्या डोक्यावर उलटी बेचकी असते, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण तशी फिकट बेचकी इतर लष्करी अळ्यांवरही कमीजास्त दिसते. पक्की खूण शेपटीकडं आहे: पोटाच्या आठव्या कप्प्यावर चौकोनात मांडलेले चार ठळक काळे ठिपके. दोन्ही खुणा एकत्र असतील तरच नाव घ्या. अगदी लहान अळीत यातलं काहीच धड दिसत नाही. ती दोन-तीन वेळा कात टाकेपर्यंत वाढवून बघावी.

आता अळ्यांच्या पायांबद्दल. फुलपाखरं आणि पतंगांच्या अळीला छातीशी तीन जोड्या खरे पाय आणि पोटाला मांसल खोट्या पायांच्या फार तर पाच जोड्या असतात. मुळ्याच्या किंवा मोहरीच्या पानावर एक काळपट हिरवी अळी येते, हात लावला की वेटोळं करून खाली पडते. तिच्या खोट्या पायांच्या जोड्या मोजल्या तर आठ भरतात. ती पतंगाची नव्हेच, मोहरीच्या करवती माशीची आहे; माशी म्हणतात, पण नातं मधमाशी-गांधीलमाशीच्या गणाशी. फरक पुस्तकी नाही. अळ्यांसाठी जे बीटी जिवाणूंचं औषध सर्रास मिळतं, ते फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांवर चालतं. करवती माशीच्या अळीवर ते मारलं की पैसे पाण्यात, आणि दोष जातो दुकानदाराला.

दिवा आणि काकवी

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या आठवड्यात दिवा लावायलाच हवा. दीड बाय दोन मीटरचा पांढरा सुती पडदा, दोन बांबू, आणि मर्क्युरी किंवा अतिनील उजेडाचा दिवा. पिवळ्या दिव्यावर कीटक कमी येतात. अमावास्येच्या आगेमागे, वारा पडलेला, हवा दमट, अशी रात्र निवडा. पौर्णिमेला निम्मेही येत नाहीत. हुमणीचे भुंगेरे अंधार पडता पडता जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जातात, म्हणून दिवा साडेसातच्या आत लागलेला हवा. भुंगेऱ्याच्या मिशीच्या टोकाला पानं असतात, पंख्यासारखी उघडमीट करणारी; ती दिसली की कुल स्कॅरॅबिडी. अंगावर बारीक खवले असतील तर ल्युकोफोलिसकडं वळा. लेपिडोफोरा या नावाचा अर्थच खवले वाहणारा.

त्याच रात्री पडद्यावर पंख फुटलेली वाळवी आणि पंखवाल्या मुंग्या दोन्ही येतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, कंबर जाड. मुंगीचे मागचे पंख लहान, मिशा कोपरात वाकलेल्या, कंबर बारीक. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखाली गळलेल्या पंखांचा ढीग असेल तर ती वाळवी, आणि मग दारं-चौकटी ठोकून बघा.

पडद्यावर चतुरासारखा, टाचणीसारखा लांबट किडा आला तर घाईनं चतुर लिहू नका. चतुर-टाचण्यांच्या मिशा केसाएवढ्या, जेमतेम दिसणाऱ्या. दिव्यावर येतो तो बहुधा वाळूत खड्डे करणाऱ्या मुंग्यासिंहाचा प्रौढ. त्याच्या मिशा ठळक आणि टोकाला जाड.

एक सूचना हातासाठी. नारिंगी-काळा, सेंटीमीटरभराचाही नसलेला, आखूड पंखकवचाखालून निम्मं पोट उघडं असलेला किडा अंगावर बसला तर चापट मारू नका, फुंकर मारा. तो पेडेरस; चिरडला की त्याच्या रसानं दुसऱ्या दिवशी कातडीवर भाजल्यासारखा पट्टा उठतो. तूर-भेंडीच्या फुलांवरचा काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा मायलॅब्रिसही फोड आणतो. तो चिमट्यानंच उचलावा.

सगळे पतंग दिव्याला येत नाहीत. फळं टोचणारे मोठे पतंग गोडाला येतात आणि गोडाची आपल्याकडं वाण नाही. एक किलो काळपट गूळ अर्धा लिटर पाण्यात विरघळवून चार अति पिकलेली केळी कुस्करून घाला, दोन दिवस झाकून आंबवा आणि दिवस मावळताना झाडाच्या बुंध्यावर हातभर पट्टा रंगवा. गुऱ्हाळातली काकवी असेल तर गुळाची गरज नाही. फार पातळ झालं तर ओघळून मुंग्या लागतात. ब्रशला मधासारखं धरलं पाहिजे.

राधानगरी अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव जंगलात परवानगीशिवाय यातलं काही करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत कितीतरी फुलपाखरं आणि काही भुंगेरेही आहेत. फुलपाखरांचं काम फोटोवर भागतं, ती मारायची गरज सहसा पडत नाही.

मारणं, टोचणं, लेबल

काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत तळाला दोन सेंटीमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता आणि दोन दिवस पूर्ण वाळू द्या. वापरताना इथाइल ॲसिटेटचे आठ-दहा थेंब प्लास्टरमध्ये मुरवायचे, वर टिश्यूचा तुकडा. टिश्यू नसला की बरणीच्या भिंतीवर दव धरतं आणि मधमाश्यांची लव चिकटून त्यांची ओळखच जाते. भुंगेरे आणि पतंग एका बरणीत घालू नका. भुंगेरे धडपडत पतंगांचे खवले झाडून टाकतात. नाकतोड्यांचा हिरवा रंग यात उतरतो, त्यांच्यासाठी फ्रीजरमध्ये दोन दिवस हा मार्ग बरा. रसायन थर्माकोलला लागलं तर थर्माकोल विरघळतो, म्हणून टोचायच्या फळ्यापासून बरणी लांब ठेवा.

अळ्या, मावा, वाळवी, फुलकिडे हे ७० टक्के अल्कोहोलमध्ये. ९५ टक्क्यांचं असेल तर ७० मिलीत २५ मिली पाणी घाला. अळी थेट टाकली तर काळी पडते. आधी उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात मिनिटभर, मग अल्कोहोलमध्ये. डास आणि पतंग अल्कोहोलमध्ये कधीही नाहीत, कारण त्यांची ओळख खवल्यांवर आहे. एडिस इजिप्तीच्या छातीवरची वीणेसारखी पांढरी नक्षी आणि एडिस अल्बोपिक्टसचा एकच पांढरा उभा पट्टा, हे दोन्ही खवल्यांचंच काम; बाटली हलली की दोघे सारखेच काळे.

टोचायला कीटकशास्त्राच्या ३८ मिलीमीटरच्या स्टीलच्या पिना घ्या, दोन आणि तीन नंबर. ऑफिसातल्या टाचण्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंजतात, पितळी असतील तर हिरवा कळंक चढून किडा आतून फुटतो. भुंगेरा उजव्या पंखकवचात वरच्या बाजूला टोचायचा. ढेकण्या पाठीवरच्या त्रिकोणात, थोडा उजवीकडं. माश्या आणि मधमाश्या छातीच्या उजव्या अंगाला. उजवीकडंच का, तर पिनेनं एका बाजूच्या खुणा मोडल्या तरी डावी बाजू शाबूत राहते. पतंग आणि चतुर मात्र बरोबर मध्ये. पाच-सहा मिलीमीटरपेक्षा लहान किडा टोचायचाच नाही. जाड कागदाचा दहा मिलीमीटर लांबीचा निमुळता त्रिकोण कापा, पिनेवर अडकवा आणि त्याच्या वाकवलेल्या टोकाला किडा उजव्या कुशीनं चिकटवा. डिंक थेंबाएवढा नव्हे, ओलावा दिसेल इतकाच. जास्त झाला की तो पोटाकडं पसरतो, आणि जे बघायचं होतं तेच बुजतं.

लेबलाशिवाय टोचलेला किडा हा शोभेचा किडा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुणी पकडला, कसा पकडला, कुठल्या झाडावर. "कोल्हापूर" एवढंच लिहून चालत नाही. आपल्या जिल्ह्यात शिरोळच्या काळ्या रानापासून गगनबावड्याच्या धुक्यापर्यंत सगळं येतं आणि दोन्हीकडचे कीटक वेगळे. महिना रोमन आकड्यांत लिहायची पद्धत आहे, ती पाळावी. नाहीतर ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे वर्षभरानंतर आपल्यालाच सांगता येत नाही. शाई पिगमेंटची हवी. बॉलपेन अल्कोहोलमध्ये विरघळतं, इंकजेटची छपाई दमट हवेत पसरते. बाटलीत घालायच्या लेबलाला साधी शिसपेन्सिल उत्तम.

जुलै-ऑगस्टमध्ये टोचलेल्या किड्यांना चार दिवसांत बुरशी येते. पुठ्ठ्याच्या खोक्यात चाळीस वॉटचा साधा बल्ब लावून दोन-तीन दिवस वाळवा, मगच डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. डांबर गोळीवर फार भरवसा नको, तिनं किडे खाणारे बारीक भुंगेरे दूर राहतात, मरत नाहीत. किड्याखाली तपकिरी भुकटी दिसली की अख्खा डबा पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये.

कुठं थांबायचं

शाळेच्या पुस्तकात क्रम बरोबर दिलाय: वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वर्तमानपत्रं मात्र जातीलाच प्रजाती म्हणतात, त्यामुळं "नव्या प्रजातीचा शोध" वाचलं की मूळ लेख बघेपर्यंत काय सापडलं ते कळत नाही. नावांच्या शेवटावरून पायरी ओळखता येते: 'इडी'नं संपलं तर कुल, 'इनी'नं संपलं तर उपकुल. शास्त्रीय नावापुढं संशोधकाचं नाव कंसात असेल तर ती जाती नंतर दुसऱ्या प्रजातीत हलवली आहे असं समजायचं. लष्करी अळीच्या नावापुढं जे. ई. स्मिथ आणि १७९७ हे कंसात असतं, ते म्हणूनच. जुनी पुस्तकं वापरताना हेही ध्यानात असू द्या की वाळवीचा वेगळा गण आता राहिला नाही, ती झुरळांच्या गणात गेली. आणि मावा-तुडतुड्यांचा होमोप्टेरा मोडून तो ढेकण्यांच्या गणात मिळाला.

ओळखतक्ता, म्हणजे दर पायरीला दोन पर्यायांतून एक निवडत नावापर्यंत नेणारा तक्ता, वापरताना दोन्ही पर्याय पूर्ण वाचायचे, पहिला जुळला म्हणून पुढं पळायचं नाही. पायाच्या शेवटच्या भागाचे सांधे एकाच पायावर मोजू नका. काही भुंगेऱ्यांत पुढच्या दोन जोड्यांना पाच-पाच आणि मागच्या जोडीला चार असतात, मायलॅब्रिस तसाच. मागचा पाय तुटलेला नमुना घेऊन बसलात तर तक्ता तुम्हाला भलत्याच कुलात नेऊन सोडतो. आणि तक्ता कुठल्या प्रदेशासाठी लिहिलाय ते आधी बघा. युरोपातल्या तक्त्यात आंबा घाटातला किडा घातला तरी तो काहीतरी उत्तर देतोच, तिथंच घोळ आहे. मोबाईलवरची ॲप्सही तशीच: कुलापर्यंत बऱ्यापैकी, जातीवर आली की ज्या देशाचे फोटो जास्त, त्या देशाचं नाव. फोटो टाकायचाच तर पाठ, बाजू, चेहरा आणि पोट असे चार टाका, सोबत मोजपट्टी आणि झाडाचं पान.

होलोट्रिकियासारख्या प्रजातीत नुसत्या फोटोवर जाती सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. तिथं नराचं जननांग काढून बघावं लागतं. पोटाचं टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून, परीक्षानळी गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवतात, म्हणजे मांस विरघळतं आणि कठीण भाग उरतो. हे द्रावण करताना हायड्रॉक्साइडच्या गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. जास्त वेळ ठेवलं तर सगळंच पारदर्शक होऊन कडा दिसेनाशा होतात. मग पाण्यात, व्हिनेगरचे थेंब घालून धुवायचं आणि ग्लिसरीनच्या कुपीत त्याच पिनेवर खाली अडकवायचं. एवढी सोय नसेल तर लेबलावर "होलोट्रिकिया, जाती अनिश्चित" लिहा. त्यात काही कमीपणा नाही. चुकीच्या जातीपेक्षा बरोबर प्रजाती तज्ज्ञाच्या जास्त उपयोगाची.

तज्ज्ञाकडं नमुने पाठवताना अल्कोहोल भरलेली बाटली टपालात किंवा कुरिअरला चालत नाही, तो ज्वालाग्राही माल. अल्कोहोल ओतून द्या, आत ओला कापूस राहू द्या, झाकण मेणानं किंवा टेपनं बंद करा. डीएनए तपासायचा असेल तर इथाइल ॲसिटेटनं मारलेला नमुना निरुपयोगी ठरू शकतो. त्यासाठी एक पाय आधीच ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. टोचलेल्या जड भुंगेऱ्याच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या पिना लावा, नाहीतर वाटेत तो गरागरा फिरतो आणि शेजाऱ्यांचे पाय मोडतो. डबा दुसऱ्या डब्यात, मध्ये चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर कागदाचे बोळे. बाटलीचं लेबल बाहेर चिकटवू नका, आत टाका. बाहेरचं लेबल गळलेल्या अल्कोहोलनं पुसलं जातं.